‘ढ’ हा शब्द आपण सामानातून बरोबर आणला



डिस्लेक्सिया आणि अध्ययन-अक्षमता या विषयावरच्या एका शैक्षणिक परिषदेत मी दोन दिवस बसून आलो. पालकांसाठीची सत्रे गच्च भरली होती, स्पॅनिश बोलणारे आईबाप दुभाषी घेऊन आले होते. आपली माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. चांगल्या स्कूल डिस्ट्रिक्टसाठी दीडपट किमतीचे घर घेणारे आपण, मग इथेच का नाही?

कारण उघड आहे. आपल्या घरात ‘ढ’ मूल जन्मूच शकत नाही, ही आपली श्रद्धा. (ब्राह्मीपासून फारसे न बदललेले अक्षर म्हणून ‘ढ’, असे सांगतात. आपली समजूतही तशीच.) वास्तविक प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने १८९६ सालीच एका चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली होती. शिक्षण सगळे तोंडी असते तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असे त्याचे मास्तर म्हणत. सव्वाशे वर्षांनंतरही आपण वाचनाचा वेग म्हणजेच बुद्धी असे धरून चालतो.

अमेरिकेत १९७५ पासून यासाठी कायदा आहे; १९९० पासून त्याला ‘आयडिया’ म्हणतात. पालकांनी लेखी मागणी करावी. शाळेला चाचणी नाकारायची असेल तर तसे कारणांसह लेखी कळवावे लागते, आणि केली तर ती मोफत. विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ एक तृतीयांश मुले अध्ययन-अक्षमतेची आहेत. आणि आपण? शाळेने स्वतःहून संमतीपत्र पाठवले तरी सही करत नाही. ‘लेबल लागेल’, ‘कॉलेजला कळेल’. अहो, प्रवेशाआधी कॉलेजला अपंगत्वाबद्दल विचारताच येत नाही. सांगायचे की नाही हे विद्यार्थ्याने ठरवायचे. पण आपला उपाय ठरलेला: आणखी एक ट्यूशन, आणखी शंभर वर्कशीट, आणि रविवारी फोनवर आजीचे ‘जरा लक्ष देऊन वाच रे’.

दुसरे टोक म्हणजे घरातली मराठी बंद करणे. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. तो असेल तर तो मराठीतही दिसतो, फक्त वेगळ्या वेशात: उच्चारात नंतर येणारी पण अक्षराच्या आधी लिहायची पहिली वेलांटी, जोडाक्षरे, रखडणारे वाचन. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ हे चाचणी-साधन आणले, ते मराठीतही आहे. आपल्या किती मराठी शाळांतल्या शिक्षकांनी त्याचे नाव ऐकले आहे?

मला खरा राग येतो तो ‘मेरिट’च्या गप्पांचा. भारतातल्या आरक्षणावर तावातावाने बोलणारे आपण परीक्षेतला जादा वेळ ही खिरापत समजतो. चष्म्याला कोणी खिरापत म्हणत नाही! भारताच्या १९९५ च्या अपंग कायद्यात ही मुले नव्हतीच. २०१६ च्या कायद्यात ती आली. पण कायद्याच्या कागदावर येणे वेगळे. मुंबईतल्या महागड्या शाळेतल्या मुलाला प्रमाणपत्र मिळवून देणारे आईबाप असतात; जिल्हा परिषदेच्या शाळेतले तसेच मूल नापासाचा शिक्का घेऊन शेतावर जाते. दोघांचा मेंदू सारखाच, फरक आईबापांच्या ऐपतीचा. तरीही याला आपण गुणवत्ता म्हणणार.

२००७ मध्ये ‘तारे जमीन पर’ पाहून आपण सगळ्यांनी रुमाल भिजवले. ईशान पडद्यावर चालतो, घरात चालत नाही. २०१९ च्या स्पेलिंग बीमध्ये आठ सहविजेत्यांत सात जण भारतीय वंशाचे होते, हे सांगणारे ईमेल मात्र मला अजून येतात.

पुढच्या अधिवेशनात नाट्यसंगीत आणि गुंतवणुकीच्या सत्रांच्या जोडीला दीड तास या विषयाला द्या. मराठीतून, आजी-आजोबांनाही समजेल असा. चाचणीच्या मागणीचे पत्र कसे लिहायचे ते तिथे दाखवा. आणि मराठी शाळेच्या वार्षिक समारंभात शुद्धलेखनाच्या बक्षिसाइतकेच मोठे बक्षीस गोष्ट तोंडी सांगणाऱ्या मुलासाठी ठेवा.