तालमीला वस्ताद कुठून येणार?

निखत झरीन 2022 साली इस्तंबूलमध्ये आणि 2023 साली दिल्लीत जगज्जेती झाली, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसवर तिचाच फोटो होता. माझ्याही होता. कपड्यांवरून बोलणाऱ्या नातेवाइकांना तिच्या अब्बांनी, मोहम्मद जमील अहमद यांनी, कसं तोंड दिलं याचे किस्से आपण एकमेकांना पाठवले. पण निजामाबादेत तिला बॉक्सिंगचे पहिले धडे देणारे समसामुद्दीन सर किती जणांना ठाऊक आहेत? त्यांचा मुलगा मोहम्मद हुसामुद्दीन यानेही 2018 आणि 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धांत कांस्यपदक मिळवलं. जिल्ह्याच्या गावी एक जाणता प्रशिक्षक होता, म्हणून हे घडलं. तो नसता तर एवढी हिंमत असूनही जमीलसाहेब मुलीला घेऊन जाणार कुठे होते?

म्हणून आज पटियाळ्याबद्दल लिहितोय. नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था, खेळाडूंच्या तोंडी नुसतं ‘एनआयएस’. 1961 साली पटियाळ्याच्या महाराजांच्या जुन्या मोतीबाग राजवाड्यात ती सुरू झाली. बातम्यांत तिचं नाव येतं ते राष्ट्रीय शिबिरांमुळे. मीराबाई चानू टोकियोच्या रौप्यपदकाआधी तिथेच घाम गाळत होती. त्यामुळे आपला समज असा, की ही देशातल्या निवडक खेळाडूंची जागा, आपलं तिथे काय काम!

पण ही संस्था मुळात निघाली ती प्रशिक्षक घडवण्यासाठी. खुद्द ध्यानचंद तिथे हॉकीचे मुख्य प्रशिक्षक होते. केरळचे ओ. एम. नांबियार हवाई दलात होते, पटियाळ्याची पदविका घेऊन ते गावाकडे परतले आणि त्यांच्या हाताखाली पी. टी. उषा घडली. 1985 साली द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिल्याच यादीत त्यांचं नाव होतं. म्हणजे राजवाड्यातली ती संस्था एका वर्षात एक माणूस शिकवते आणि त्या माणसामुळे शेकडो किलोमीटर दूरच्या गावातलं मैदान जागं होतं. माझ्या मते संस्थेचं खरं काम हेच. पदकं नंतरची गोष्ट.

आपल्याकडे ही परंपरा नाही असं कुणी म्हणू नये. 1951 आणि 1962 च्या आशियाई स्पर्धांत भारताला फुटबॉलचं सुवर्ण मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हैदराबादचे शाळामास्तर होते. 1962 साली जकार्तात अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 2-1 ने हरवलं, तेव्हा रहीमसाहेबांना कॅन्सर होता. पुढच्याच वर्षी ते गेले. धावपटू श्रीराम सिंगला घडवणारे इलियास बाबर, फुटबॉलचे सय्यद नईमुद्दीन हे दोघेही द्रोणाचार्य. आणि भाषेचंच बघा. आपल्या घरात तालीम म्हणजे शिक्षण, कोल्हापुरात तालीम म्हणजे आखाडा. तिथे शिकवतो तो वस्ताद, म्हणजे आपला उस्तादच.

आज मात्र मोहल्ल्यातल्या करिअर मार्गदर्शन शिबिरात नीट असतं, जेईई असतं, यूपीएससी असतं, माझ्यासारखा एखादा सॉफ्टवेअरवाला येऊन कोडिंगवर बोलून जातो. प्रशिक्षकाच्या पदविकेबद्दल एक वाक्य निघत नाही. राज्य पातळीवर खेळलेला पोरगा बी.ए. होऊन मोबाइलच्या दुकानात बसतो. पदवी आणि खेळातली कामगिरी या दोन्ही गोष्टी त्याच्याकडे आहेत, प्रवेशासाठी त्याच लागतात. वर्षभराची पदविका आहे. ती जमत नसेल तर सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र कोर्सही आहे. काही खेळांची पदविका बेंगळुरूच्या केंद्रातही होते, सोलापूर-कोल्हापूरकरांना ते पटियाळ्यापेक्षा कितीतरी जवळ. अनेक जण बी.पी.एड.लाच हे समजतात. बी.पी.एड. शाळेत पीटी शिकवण्यासाठी आहे. एका खेळाचं बारीक शास्त्र शिकायचं तर एनआयएस.

यात पैसा नाही, असं अब्बा म्हणतील. पूर्ण खोटं नाही ते. सरकारी क्रीडा मार्गदर्शकांच्या जागा मोजक्या, कंत्राटावर राबवून घेणंही चालतं, आणि त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण खासगी शाळा, अकादमी, जलतरण तलाव यांना शिकलेला प्रशिक्षक हवा असतो. दुकानातल्या पगाराशी तुलना करा, माझ्या पगाराशी नको.

मला सगळ्यात जास्त काळजी मुलींची वाटते. सातवी-आठवीपर्यंत धावणारी मुलगी नववीत मैदानावरून गायब होते. घरचे अडवतात, हे खरं. पण बऱ्याच अम्मी आधी विचारतात, “शिकवायला कोण आहे?” तिथे मोहल्ल्यातलीच, सगळ्यांच्या ओळखीची एखादी आपा शिट्टी घेऊन उभी असेल, तर निम्मी भांडणं सुरूच होणार नाहीत. स्कार्फ घालून खेळायचं की नाही, हेही मग मैदानावर तिच्याशी बोलून ठरेल, टीव्हीवरच्या चर्चेत नाही.

रमजानमध्ये आपल्या ट्रस्टांचे शिष्यवृत्तीचे अर्ज निघतात. त्यात वैद्यकीय, अभियांत्रिकी, स्पर्धा परीक्षा असे रकाने असतात. या वर्षी एक रकाना क्रीडा प्रशिक्षणाचा घाला. सुरुवातीला एका मुलीची सहा आठवड्यांच्या कोर्सची फी द्या, आणि तिला सोडायला जाणाऱ्या आईचं रेल्वेचं तिकीटही त्यातच धरा.