पेनेलोपीने किती वाट पाहायची?

ग्रीक पुराणकथांतल्या स्त्रियांना नव्याने बोलते करणारी पुस्तके म्हटली की आपल्याकडच्या वाचकाला मार्गारेट अ‍ॅटवूड यांचे ‘पेनेलोपियाड’ (२००५) किंवा मॅडलिन मिलर यांची ‘सर्सी’ (२०१८) आठवते. ही पुस्तके आपल्या दुकानांत पोचली, त्यामुळे हा प्रवाह इंग्रजीतच उगम पावला असा आपला समज होतो. पण स्पेनच्या वायव्य टोकाला, पोर्तुगालच्या उत्तरेला असलेल्या गॅलिशियात शोआना तोरेस यांची ‘पेनेलोपी’ ही कविता १९९२ सालीच ‘तेम्पो दे रिया’ या संग्रहात आली होती. होमरच्या ‘ओडिसी’त नवऱ्याची, ओडिसियसची, वाट पाहत इथाका बेटावर बसून राहणारी पेनेलोपी इथे तसे बसून राहायला नकार देते आणि आपणही समुद्रावर निघणार असे सांगते. गॅलिशियन लेखिकांचे हे लेखन इंग्रजी लाटेचा एक फाटा म्हणून वाचणे अन्यायाचे आहे, कारण त्याची मुळे थेट त्या प्रदेशाच्या इतिहासात आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढची शंभर वर्षे गॅलिशियातून लाखो माणसे क्यूबा, अर्जेंटिना, उरुग्वेकडे गेली. इतकी, की अर्जेंटिनात कुठल्याही स्पॅनिश माणसाला सरसकट ‘गॅलिशियन’ म्हणायची रीत पडली. जाणाऱ्यांत पुरुष जास्त. मागे राहिलेल्या बायकांनी शेत कसले, गुरे राखली, पोरे वाढवली, सासू-सासऱ्यांचे केले. रोसालिया दे कास्त्रो यांनी १८८० च्या ‘फोल्यास नोवास’मधल्या एका विभागाला ‘जित्यांच्या विधवा आणि मेलेल्यांच्या विधवा’ असे नाव दिले, ते या बायकांसाठी. म्हणजे होमर न वाचताही गॅलिशियाला पेनेलोपी ठाऊक होती. पुढे फ्रँकोच्या हुकूमशाहीत, गॅलिशियन भाषेला शाळेत आणि कचेरीत थारा नव्हता त्या काळात, शोसे मारिया दीआस कास्त्रो यांनी ‘निंबोस’ (१९६१) मधल्या कवितेत जागच्या जागी अडकलेल्या आपल्या भूमीलाच पेनेलोपीचे रूप दिले. ती कविता थोर आहे. पण बाईचे वाट पाहणे एकदा देशाच्या दुःखाचे प्रतीक झाले, की वाट पाहणाऱ्या खऱ्या बाईला स्वतःचे काही हवे होते का, हे कुणी विचारत नाही. तोरेस यांनी ते विचारले. २००१ मध्ये गॅलिशियाच्या भाषा अकादमीत प्रवेश करताना त्यांनी भाषणाला शीर्षकही आपल्या ‘पेनेलोपी’ कवितेच्या अखेरच्या शब्दांचे दिले.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की, पेनेलोपीला होडीत बसवले की तिचा ओडिसियसच होतो. पराक्रमाची व्याख्या पुरुषाचीच राहते. एवढ्या एका कवितेपुरते पाहिले तर त्यात तथ्य आहे. पण गॅलिशियन साहित्य तिथे थांबलेले नाही. ‘ओडिसी’च्या पहिल्याच सर्गात एक प्रसंग आहे. दिवाणखान्यात गायक ग्रीकांच्या खडतर परतीचे गाणे गात असतो; ते असह्य होऊन पेनेलोपी खाली येते आणि त्याला दुसरे काही गायला सांगते. त्यावर तिचा मुलगा टेलेमॅकस तिला चारचौघांत सुनावतो की, तू वर जाऊन मागाकडे बघ, बोलणे हे पुरुषांचे काम. ती निमूट वर जाते. बेगोन्या कामान्यो यांच्या ‘सर्सी किंवा निळ्याचा आनंद’ (२००९) या कादंबरीत नेमका हा बोलण्याचा हक्क परत घेतलेला दिसतो. होमरच्या काव्यात पेनेलोपी आणि सर्सी एकमेकींना कधी भेटतच नाहीत. एक पतिव्रता, दुसरी मोहात पाडणारी, अशी त्यांची कायमची वाटणी झालेली. कामान्यो या दोघींना पत्रे लिहायला लावतात. एकाच पुरुषाच्या दोन बाजूंना उभ्या केलेल्या बायका आपापसांत बोलू लागल्या की तो पुरुष कथेच्या मध्यावरून आपोआप हटतो, आणि त्यासाठी कुणाला पराक्रम गाजवावा लागत नाही. मला हे पाऊल तोरेस यांच्या पावलापेक्षाही धाडसी वाटते.

दुसरा आक्षेप ओळखीचा आहे: अभिजात ग्रंथांची मोडतोड कशाला? पण ग्रीकांनी स्वतः या कथा कधी एका साच्यात ठेवल्या नाहीत. ‘टेलिगोनी’ या आज लुप्त झालेल्या महाकाव्याचा सारांश उपलब्ध आहे. त्यात ओडिसियसच्या मृत्यूनंतर पेनेलोपी सर्सीच्या मुलाशी लग्न करते आणि सर्सी टेलेमॅकसशी. प्राचीन कवीला एवढी मोकळीक होती, तर विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या लेखिकेला का नसावी? आणि परक्या कथा कशाला, या प्रश्नाला मारिया शोसे केइसान यांचे अँटिगनीच्या ग्रीक कथेवरचे १९८९ चे नाटक उत्तर देते. ज्या भाषेला आपल्याच घरात दुय्यम मानले गेले, त्या भाषेने युरोपच्या सामायिक वारशावर हक्क सांगणे यात परके काही नाही.

२०२६ चा गॅलिशियन साहित्य दिन, १७ मे, अकादमीने कामान्यो यांच्या नावे केला आहे. १९६३ मध्ये पहिला मान रोसालिया यांना मिळाला होता. गॅलिशियन ही पोर्तुगीजच्या सर्वांत जवळची भाषा, आणि गोव्यात पोर्तुगीज व पुण्या-मुंबईत स्पॅनिश जाणणारे मराठी लोक आहेत. त्यांनी इंग्रजी अनुवादाची वाट न पाहता तोरेस यांची कविता आणि कामान्यो यांची कादंबरी थेट मराठीत आणावी.