जुनी मंडळी, नवी गाणी



गेल्या जयंतीला आमच्या वेंगुर्ल्याच्या वाडीतील जुनी गायन पार्टी पुष्कळ वर्षांनी एकत्र बसली. मुंबईहून चाकरमानी आले होते. पेटी निघाली, ढोलकीला शाई लागली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुजबुज सुरू झाली, "पयल्याची सर नाय!" ते मुख्य गायकाच्या कानावर गेले. तेव्हापासून काका म्हणतात, "माझो गळो आता पयल्यासारखो रवलो नाय. पुढच्या वर्साक माका सांगू नको."

मनाला लागले. लोकांचे म्हणणे खोटे नव्हते, पण न्यायाचे होते काय? अशा वेळी मला मुंबईच्याच एका वाद्यवृंदाची हकिकत आठवते.

१९८४ साली मुंबईत 'रॉक मशीन' नावाचा संच उभा राहिला. गिटार, ड्रम, इंग्रजी गाणी. आपल्यापैकी फार थोड्या घरांत त्यांची कॅसेट वाजली असेल. परंतु परदेशी गाण्यांची नक्कल करण्याच्या त्या काळात या मुलांनी स्वतःची गाणी रचली आणि १९८८ साली पहिला अल्बम काढला. १९९३ मध्ये त्यांनी 'इंडस क्रीड' हे नाव घेतले, १९९५ मध्ये त्याच नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये संच मोडला. कोणी परदेशी गेले, कोणी दुसऱ्या कामाला लागले.

२०१० साली मंडळी पुन्हा जमली. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्ड वाजवणारे झुबिन बालापोरिया हे तिघे जुने. बास गिटारला रुशाद मिस्त्री आणि ड्रमला जय राव कवी हे दोघे नवे. २०१२ साली त्यांचा 'इव्हॉल्व्ह' हा आठ गाण्यांचा अल्बम आला. मधे सतरा वर्षे गेली होती! या नावाचा अर्थच मुळी 'विकसित होणे' असा.

समीक्षकांपुढे पेच होता. जुन्या चाहत्यांना हवी होती ती कॉलेजातली उसळती गाणी. नव्या अल्बममधली गाणी मात्र गंभीर, गुंतागुंतीची, वयाला साजेशी होती. तरीही त्याचे स्वागत झाले. कारण या मंडळींनी जुनी पुण्याई विकायला काढली नव्हती. नवे काम करून ते लोकांपुढे ठेवले होते.

परदेशातही हेच घडते. स्वीडनच्या 'आबा' या चौघांनी १९८१ नंतर थेट २०२१ साली 'व्हॉयेज' हा नवा अल्बम काढला. चाळीस वर्षांनी! इंग्लंडमध्ये तो विक्रीत पहिला आला. समीक्षकांत मात्र दोन तट पडले. काहींना जुना गोडवा पुन्हा सापडला. काहींनी स्पष्ट लिहिले की ही मंडळी मागेच रेंगाळली आहेत. म्हणजे लोकांचे प्रेम एक आणि कामाची पारख दुसरी. प्रेम आठवणीवर चालते, पारख समोरच्या कामावर करावी लागते.

मग पारख करायची कशी? माझ्या मते तीन प्रश्न विचारावेत. ही मंडळी परत का आली? येताना नवे काय आणले? आणि ज्याने त्यांना पूर्वी कधीच ऐकले नाही, अशा पोरासोराला त्यात काही मिळते काय? 'तेव्हाचा आवाज राहिला नाही' हे म्हणणे म्हणजे समीक्षा नव्हे. वय कोणाचे थांबले आहे?

आपल्या वेंगुर्ल्याच्या काजूवाल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको. जुने झाड कमी धरू लागले म्हणून कोणी मुळासकट उपटत नाही. खोड छाटतात, नवे फुटवे येऊ देतात आणि त्यावर वेंगुर्ला-४ किंवा वेंगुर्ला-७ चे कलम बांधतात. मूळ जुनेच, फळ नवे.

हे तीन प्रश्न मी आमच्या पार्टीलाही लावून पाहिले. परत का आली? प्रेमाने, त्यात खोट नाही. नवे काय आणले? खरे सांगायचे तर काहीच नाही. तीच गाणी, त्याच क्रमाने, त्याच चढ्या पट्टीत. आणि पोरे? ती मागे मोबाईल पाहत बसली होती. म्हणजे दोष गळ्याचा नव्हता, तयारीचा होता. आणि तयारी सुधारता येते.

म्हणून परवा मी काकांकडे गेलो. खोटी स्तुती केली नाही. म्हटले, "काकांनू, पट्टी काळी पाचची काळी दोनवर आणा. कोरसला वाडीतल्या दोन मुली घ्या. आणि एक तरी नवे गाणे बसवा." काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग नातीला हाक मारून म्हणाले, "गो, ती पेटी पुसून ठेव."

बंधू-भगिनींनो, तुमच्याही वाडीत, चाळीत असा एखादा गप्प झालेला गायक असेल. त्याला नुसती टाळी देऊ नका आणि पाठीमागे टोमणेही मारू नका. समोर बसून, आदराने, खरे काय ते सांगा.