बुद्ध हवा, बौद्ध नकोत

लडाखहून परतलेल्या मंडळींचं एक वाक्य ठरलेलं असतं. "गोम्पा सुंदर हो, पण आता तिथेही तिकीट, दुकान, लामांच्या हातात मोबाईल... पूर्वीची शांतता राहिली नाही!" पूर्वीची म्हणजे कधीची, ते मात्र कुणी सांगत नाही.

चला, पूर्वीचंच बघू. नाशिकची पांडवलेणी (पांडवांचा संबंध शून्य, पण असो). तिथल्या 10 नंबरच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे, सुमारे 1900 वर्षांपूर्वीचा. गड्याने संघासाठी 3000 कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. 2000 एकीकडे, दरमहा शेकडा 1 व्याजाने. 1000 दुसरीकडे, पाऊण टक्क्याने. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खायचं. 2000 वर वर्षाचं व्याज 240. वर्षावासातल्या 20 भिक्खूंना चिवरासाठी प्रत्येकी 12. करा गुणाकार, बरोबर जुळतो! याला आपण फिक्स्ड डिपॉझिट म्हणतो, आणि हे सगळं दगडात कोरलंय, लपवून ठेवलेलं नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवरही धेनुकाकटच्या यवन दात्यांची नावं आहेत. थेट आपल्या देवळातल्या फरशीवरच्या 'यांच्या स्मरणार्थ'सारखी.

बाहेर बघा. श्रीलंकेत कँडीला दंतधातूच्या मंदिराची मिरवणूक निघते, हत्ती, ढोल आणि चाबूक कडाडणाऱ्यांसकट. हेमिसला लामा मुखवटे घालून नाचतात. थायलंडमधे पोरं काही आठवडे भिक्खू होतात आणि मग घरी येऊन नोकरीला लागतात. जपानमधे 1872 पासून भिक्खूंना लग्नाची सरकारी मोकळीक आहे, आणि कित्येक देवळांचं पोट अंत्यविधी-श्राद्धांवर चालतं. यातलं 'बिघडलेलं' कुठलं? मला तरी एकही दिसत नाही. विहार माणसांनी चालवले, म्हणून टिकले. माणसं गेली तिथे वटवाघळं आली.

पण माझा खरा राग पुढेच आहे. हीच शांतताप्रेमी मंडळी 6 डिसेंबर आला की कुरकुरायला लागतात. "दादरला जाऊ नका, गर्दी असते." "काय ती घाण!" अहो, चैत्यभूमीवर लोक कुठून कुठून येतात, तासन् तास रांगेत उभे राहतात आणि परतताना पुस्तकं विकत घेऊन जातात. पुस्तकं! कुठल्या जत्रेत असं होतं, सांगा. गणपतीत दहा दिवस ट्रॅफिक अडतो तेव्हा तो 'उत्साह'. लेहमधे प्रार्थनाचक्र फिरवणाऱ्या आजीचा फोटो काढायला तुम्ही गुडघ्यावर बसता. विदर्भातून आलेली, पांढऱ्या साडीतली आजी फुटपाथवर भाकरी खाते, तर ती 'गैरसोय'. स्वच्छतागृहं कमी पडत असतील तर महापालिकेला विचारा ना, आजीला काय विचारता?

ही जात बोलते, शांततेची आवड नव्हे. हॉलमधल्या शोकेसमधे पितळी बुद्ध चालतो, कारण तो काही बोलत नाही. त्याला शरण गेलेली माणसं बोलतात.

नातेवाईकांनो, रागावलात तर खुशाल रागवा. येत्या 6 डिसेंबरला मी शिवाजी पार्कात पुस्तकांच्या स्टॉलपाशी असेन. कुणाला यायचं असेल तर कळवा, पिशवी मोठी आणा.