‘घरीच तर असता!’

‘घरीच तर असता, मूल सांभाळून काम होतंच की!’ कंत्राटावर घरून काम करणाऱ्या आईवडिलांना हे वाक्य वारंवार ऐकावे लागते. डॉक्टर म्हणून सांगतो, हे वाक्य माणसाला आजारी पाडते. दिवसा मूल आणि रात्री काम, या हिशेबाची वसुली शेवटी झोपेतून होते. प्रौढांना किमान ७ तास झोप हवी. ती वर्षानुवर्षे तोडली, तर उच्च रक्तदाब आणि मधुमेहाचा धोका वाढतो. वेळेवर काम दिल्याचे कौतुक होते, पण त्याची किंमत तुमचे शरीर मोजते.

मुलाच्या हाती मोबाईल देणे हा उपाय नव्हे. २ वर्षांखालील मुलांना स्क्रीन नकोच. २ ते ५ या वयात दिवसाला १ तासापेक्षा जास्त नको.

मग काय करावे? पाळणाघराचा किंवा सांभाळणाऱ्या ताईंचा खर्च आपल्या दरातच धरा. ती चैन नव्हे, कामाचा खर्च आहे. मुलाला ताप येणारच, म्हणून मुदत ठरवताना २-३ दिवस जास्तीचे मागून घ्या. तुम्हाला भरपगारी रजा नाही, म्हणून आरोग्य विमा आणि थोडी शिल्लक हवीच. पती-पत्नींनी मुलाच्या वेळा वाटून घ्याव्यात. ‘मदत करतो’ म्हणू नये, मूल दोघांचे आहे.

आणि घरातल्या इतरांनो, दार लावलेले असेल तेव्हा तो माणूस घरी नाही, कामावर आहे.