रक्त नको, पाणी तपासा!
कळंबेश्वर, जिल्हा वाशिम. २०१६ साली बायकोला विहिरीवर पाणी नाकारलं, म्हणून बापूराव ताजणेंनी एकट्यानं ४० दिवसांत विहीर खोदली. पाणी लागलं. पण असा अपमान अंगात कुठं मुरतो?

आघातानंतर वर्षानुवर्षं दचकून उठणाऱ्यांच्या जनुकांवर मिथाइलच्या खुणा वेगळ्या आढळल्यात. जनुक तेच, त्याचं काम कमीजास्त होतं. नाझी छळातून वाचलेले ज्यू अन् त्यांची मुलं, दोघांतही रेचल येहुदांना २०१६च्या छोट्या अभ्यासात एकाच जनुकावर फरक दिसला.

दोस्तांनो, सावध! उद्या मनूची पिलावळ म्हणेल, यांचं रक्तच बिघडलेलं. मी बजावून सांगतो: खूण जखमेची आहे, जातीची नाही. अन् अशा खुणा बदलूही शकतात. आमचं रक्त कसलं तपासता? पाणी नाकारणारे हात तपासा!