तिकीट काढून पाहिलेले बंड

न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील यूजीन ओनील थिएटरात २३ नोव्हेंबर २००९ रोजी सुरू झालेले 'फेला!' हे संगीत नाटक पाहावयास गेलेल्या प्रेक्षकावर एक प्रसंग हमखास ओढवत असे. नायक मध्येच गाणे थांबवी, साऱ्या सभागृहाला उभे राहावयास सांगे आणि घड्याळातले आकडे पुकारून कोणत्या आकड्याकडे कंबर कशी वळवावयाची ह्याचा रीतसर धडा देई. भारी किमतीची तिकिटे काढून आलेली, एरवी खुर्चीत शिस्तीने बसणारी मंडळी लाजतबुजत उभी राहत आणि थोड्याच वेळात लाज विसरून डोलू लागत. समोर सॅक्सोफोन घेऊन उभा असलेला हा विलक्षण शिक्षक म्हणजे नायजेरियाचा गायक, वादक आणि बंडखोर फेला अनिकुलापो कुटी. खरा फेला त्या वेळी मरण पावून बारा वर्षे झाली होती. सार एन्गाउजा ह्या नटाने त्याची भूमिका अशा ताकदीने उभी केली, की मूळ माणूस पाहिलेल्यांनीही माना डोलवाव्यात. ही भूमिका शरीराला इतकी पिळून काढणारी होती, की आठवड्यातले सर्व प्रयोग एका नटाने करणे शक्य नव्हते. काही प्रयोगांत केव्हिन मॅम्बो उभे राहत.

बिल टी. जोन्स ह्या विख्यात नर्तकाने दिग्दर्शित केलेल्या ह्या नाटकाला रूढ अर्थाने कथानक नाही. सारे थिएटरच लेगॉस शहरातील 'श्राइन' ह्या फेलाच्या संगीतगृहासारखे सजविलेले. काळ १९७८ चा. आणि फेला आपल्या श्रोत्यांना गाण्यांच्या आधारे स्वतःची कहाणी सांगत आहे, एवढीच योजना. ब्रुकलिनच्या 'अँटिबालास' ह्या वाद्यवृंदाने संगीताची बाजू सांभाळली. २०१० च्या टोनी पारितोषिकांसाठी नाटकाची अकरा नामांकने झाली आणि नृत्य, वेशभूषा व ध्वनियोजना अशी तीन पारितोषिके मिळाली. त्याच वर्षी लंडनच्या नॅशनल थिएटरनेही ते रंगमंचावर आणले. ह्या यशाबद्दल वाद घालण्याचे कारण नाही. जन्मभर ज्याने प्रत्येक गोष्टीला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली, त्याच्या आयुष्याचे नाटक करताना अडचणीची नावे गाळण्याचा अधिकार कोणाला आहे काय, हा प्रश्न मात्र नाटक पाहून बाहेर पडणाऱ्यास सोडीत नाही.

फेलाचा जन्म १५ ऑक्टोबर १९३८ रोजी अबेओकुटा येथे एका शिक्षकांच्या घरात झाला. वडील इझराएल रॅन्सम-कुटी हे शाळेचे मुख्याध्यापक आणि नायजेरियातील शिक्षक संघटनेचे पहिले अध्यक्ष. आई फुनमिलायो ह्यादेखील शिक्षिकाच. परंतु त्यांची ख्याती वेगळ्या कारणाने झाली. बाजारात भाजीपाला व धान्य विकणाऱ्या बायकांवर ब्रिटिश अमलाने लादलेल्या करांविरुद्ध त्यांनी १९४० च्या दशकात हजारो स्त्रियांची संघटना उभारली आणि कर गोळा करणाऱ्या स्थानिक राजाला १९४९ साली गादी सोडावयास भाग पाडले. अशा घरातला मुलगा वैद्यक शिकण्यासाठी १९५८ साली लंडनला पाठविला गेला आणि तेथे पोहोचून संगीत महाविद्यालयात दाखल झाला. (आईवडिलांची निराशा किती झाली असेल हे आपल्याकडील पालकांना निराळे सांगावयास नको.) १९६९ साली तो अमेरिकेत गेला. तेथे कृष्णवर्णीयांच्या चळवळीशी त्याचा परिचय झाला आणि परतल्यावर त्याच्या संगीताचा व मनाचा रोख बदलला. पश्चिम आफ्रिकेतले 'हायलाइफ', अमेरिकन जॅझ, जेम्स ब्राऊनचा ठेका आणि योरुबा लोकांचे ढोल ह्यांतून त्याने टोनी ॲलन ह्या असामान्य तालवादकाच्या साथीने जे घडविले, त्याला 'आफ्रोबीट' म्हणतात.

ह्या संगीतातून तो बोलत होता ते थेट लष्करी राजवटीबद्दल. शब्द होते 'पिजिन' इंग्रजीतले, म्हणजे हमालापासून कारकुनापर्यंत साऱ्यांना समजणारे. १९७६ साली त्याने 'झोंबी' हे गाणे काढले. हुकूम मिळाल्याखेरीज विचारही न करणाऱ्या शिपायाची त्यात कवायतीच्या आज्ञांच्या चालीवर यथेच्छ टिंगल आहे. मुले रस्त्यात सैनिक दिसला की त्या गाण्याची नक्कल करू लागली. १८ फेब्रुवारी १९७७ रोजी सुमारे एक हजार सैनिकांनी त्याच्या घराला वेढा घातला. ह्या घराला त्याने 'कलाकुटा प्रजासत्ताक' असे नाव दिले होते आणि सरकारची सत्ता तेथे चालत नाही असे तो उघड म्हणे. सैनिकांनी घर जाळले, माणसांना झोडपले, स्त्रियांवर अत्याचार केले आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या फुनमिलायोंना वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली फेकले. पुढील वर्षी एप्रिलमध्ये त्यांचा मृत्यू झाला. सरकारने चौकशी नेमली. तिचा निष्कर्ष असा, की हे कृत्य कोणा 'अज्ञात सैनिका'चे होते! चौकशी समित्यांची भाषा कोणत्याही देशात फारशी निराळी नसते. फेलाने त्याच दोन शब्दांचे गाणे केले आणि सप्टेंबर १९७९ अखेर, लष्करप्रमुख ओबासान्जो सत्ता सोडीत असताना, आईच्या नावाची शवपेटी त्यांच्या बराकीच्या दाराशी नेऊन ठेविली.

ही शवपेटी नाटकाच्या अखेरीस येते. नट एकामागून एक पेट्या आणून रंगमंचावर रचतात, आणि मघाशी कंबर हलविणारे सभागृह निःशब्द होते. नाटकाचा हा सर्वांत सच्चा क्षण होय.

मराठी प्रेक्षकाला येथे आपल्या रंगभूमीची आठवण होणे साहजिक आहे. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले, तेव्हा कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन हे पिटातल्या प्रेक्षकालाही कळत होते. पण कर्झनचे नाव नाटकात कोठे नव्हते. सरकारला १९१० मध्ये बंदी घालावी लागली ती पुराणकथेवर. स्वतंत्र भारतातही तेंडुलकरांना 'घाशीराम कोतवाल'मध्ये सत्तेची लबाडी दाखविताना पेशवाईचा पडदा सोयीचा वाटला, आणि त्या पडद्यावरूनच वाद पेटला. आडून बोलण्याची ही कला थोर आहे. फेलाला ती ठाऊक नव्हती असे नाही, त्याने ती नाकारली. एका परदेशी कंपनीच्या आद्याक्षरांचा 'आंतरराष्ट्रीय चोर' असा विस्तार करून रचलेल्या गाण्यात त्याने ओबासान्जोंचे आणि त्या कंपनीच्या नायजेरियातील प्रमुखाचे, अबिओला ह्यांचे, नाव घेतले. त्याची किंमत त्याने लाठ्या आणि तुरुंग ह्यांच्या रूपाने पुन्हापुन्हा मोजली. १९८४ मध्ये बुहारींच्या लष्करी राजवटीत चलन बाहेर नेल्याच्या आरोपावरून त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि सुटका १९८६ मध्ये, राजवट बदलल्यानंतर. त्याच साली त्याने शिक्षकाला उद्देशून 'मला काहीबाही शिकवू नका' अशा आशयाचे गाणे काढले. तेलाच्या पैशावर नायजेरियाने काढलेल्या शाळांतून तेव्हा भारतातून गेलेले कितीतरी शिक्षक शिकवीत होते. त्यांनी घाबरून जाण्याचे कारण नव्हते. गाण्याचा रोख लोकशाहीचे धडे देणाऱ्या जुन्या राज्यकर्त्यांवर होता.

संगीताबाबत नाटकाने केलेली तडजोड क्षम्य म्हणता येईल. फेलाचे एकेक गाणे वीस-वीस, तीस-तीस मिनिटे चाले. आधी ताल बांधला जाई, मग गिटारी, मग शिंगे, आणि श्रोता त्यात पुरता बुडाल्यावर कधीतरी शब्द येत. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानांना ह्यात नवल वाटू नये. शिवाय एकदा ध्वनिमुद्रित झालेले गाणे तो सहसा पुन्हा मैफलीत वाजवीत नसे, मग श्रोत्यांनी कितीही गळ घातली तरी. ब्रॉडवेच्या घड्याळात हे बसणार कसे? तेथे गाणी कापून, जुळवून, ऐकणाऱ्याला ओळखीची वाटतील अशी पेश करावी लागली. हेही खरे, की नाटकासाठी पुढाकार घेणारे स्टीफन हेंडेल हे वायदेबाजारातील व्यापारी आणि जे-झी, विल स्मिथ ही सहनिर्मात्यांतली नावे. भांडवलदारांना शिव्या घालणाऱ्या माणसाचे स्मारक भांडवलाच्या बळावर उभे राहिले, ह्यात विनोद आहे. पण अन्यथा ते उभेच राहिले नसते.

स्त्रियांचा प्रश्न मात्र इतक्या सहज सोडता येत नाही. २० फेब्रुवारी १९७८ रोजी फेलाने आपल्या वाद्यवृंदातल्या सत्तावीस स्त्रियांशी एकाच समारंभात विवाह केला. सैनिकांनी विटंबना केलेल्या आणि वृत्तपत्रांनी वेश्या ठरविलेल्या ह्या स्त्रियांना त्यामुळे प्रतिष्ठा मिळाली, असे त्याचे समर्थक सांगतात, आणि त्यात तथ्य नाही असे नव्हे. पण १९७२ मध्येच 'लेडी' ह्या गाण्यात पुरुषाशी बरोबरी सांगणाऱ्या आधुनिक स्त्रीची चेष्टा करणारा फेला हाच. ज्या आईने बाजारातल्या बायकांना राजासमोर ताठ उभे केले, तिचा हा मुलगा. नाटक ह्या स्त्रियांना 'राण्या' म्हणते आणि त्या अप्रतिम नाचतात. पैकी एकीला तरी, ह्या घरात राहणे म्हणजे काय होते, हे बोलावयास पाच मिनिटे दिली असती तर नाटक लांबले नसते.

आणि मग आजार. फेला २ ऑगस्ट १९९७ रोजी वारला. एड्स हे गोऱ्यांनी रचलेले कुभांड आहे असे तो मानी, निरोध वापरणे आफ्रिकेच्या प्रकृतीला परके असे म्हणे आणि पाश्चात्त्य औषधे नाकारी. त्याच्या मृत्यूच्या दुसऱ्याच दिवशी थोरले बंधू डॉ. ओलिकोये रॅन्सम-कुटी ह्यांनी पत्रकारांना बोलावून सांगितले, की फेलाला एड्स होता. हे गृहस्थ बालरोगतज्ज्ञ आणि १९८५ ते १९९२ ह्या काळातले देशाचे आरोग्यमंत्री. धाकटे बंधू डॉ. बेको त्या वेळी लष्करी सत्तेच्या तुरुंगात होते. ज्या समाजात ह्या रोगाचे नाव घेणेही लाजिरवाणे मानले जाई, त्यात घरातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाच्या मृत्यूचे खरे कारण उच्चारणे सोपे नव्हते. भावाच्या कीर्तीपेक्षा त्याला मानणाऱ्या लाखो तरुणांचे प्राण त्यांनी अधिक मोलाचे मानले. फेलाच्या गाण्यांतल्या कोणत्याही धाडसाइतके मोठे असे हे धाडस, आणि तेही त्याच घरातले.

ब्रॉडवेवरील प्रयोगात ह्याचा उल्लेखही नाही. काळ १९७८ चा निवडला की १९९७ आपोआप बाहेर राहते, हे उत्तर तयार आहे. नाटककाराला निवड करावी लागते हेही मान्य. पण जे नाटक मृत आईला स्वर्गातून बोलावून आणू शकते, ते वीस वर्षे पुढे पाहू शकत नाही, हे पटण्यासारखे नाही. अधिक खटकते ते दिग्दर्शकामुळे. बिल टी. जोन्स ह्यांचे सहकारी व जीवनसाथी आर्नी झेन १९८८ साली ह्याच रोगाने गेले. आपल्याही शरीरात त्याचे विषाणू आहेत हे जोन्स ह्यांनी जाहीरपणे सांगितले आणि मृत्यूच्या छायेत जगणाऱ्या माणसांवर 'स्टिल/हिअर' ही नृत्यरचना १९९४ मध्ये केली. ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार साऱ्या अमेरिकन रंगभूमीवर त्यांच्याइतका फार थोड्यांना असेल. त्यांनीच गप्प राहावयाचे ठरविले. आफ्रिकेचे नाव निघताच रोगराईच आठवणाऱ्या पाश्चात्त्य प्रेक्षकाला आणखी एक निमित्त देऊ नये, असा विचार त्यामागे असल्यास तो समजू शकतो. पण मग प्रेक्षकाच्या हाती जो फेला येतो तो स्वच्छ धुतलेला असतो. त्याचे शत्रू सारे बाहेरचे: सैनिक, सेनापती, कंपन्या. त्याच्या स्वतःच्या हट्टाने त्याचे आणि त्याच्याभोवतीच्या माणसांचे जे केले असेल ते पडद्याआड राहते.

एप्रिल २०११ मध्ये हे नाटक लेगॉसला गेले. एका मोठ्या हॉटेलच्या सभागृहात प्रयोग झाले, आणि फेलाच्या मुलांनी चालविलेल्या 'न्यू आफ्रिका श्राइन'मध्येही कलावंत जाऊन गायले. तेथील प्रेक्षकांना कंबर कशी हलवावी हे शिकविण्याची गरज नव्हती. नाटकाने गाळलेले काय, हे सांगण्याचीही नव्हती. फेलाच्या अंत्ययात्रेला लोटलेल्या लाखोंपैकी काहीजण त्या गर्दीत असणारच. रंगमंचावरचे शत्रूही त्यांच्यासाठी इतिहासजमा नव्हते. ओबासान्जो १९९९ पासून २००७ पर्यंत निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष म्हणून पुन्हा राज्य करून गेले होते. ज्यांच्या राजवटीने फेलाला तुरुंगात धाडले ते बुहारी त्याच महिन्यात झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवार होते. त्या खेपेस ते हरले. २०१५ मध्ये जिंकले.